कान, हात आणि पाय : समर्पित व पवित्र केलेले जीवन



वाचनासाठी शास्त्रभाग : लेवीय १४:१-२०, रोमकरांस ६:११-२२ आणि १२:१-२, १ करिंथकरांस ६:१-११, १ थेस्सलनीकाकरांस ४:१-८.

पाठ सुरू करण्यापूर्वी हे शास्त्रभाग एकदा मोठ्याने वाचून घ्यावेत. लेवीय १४ वा अध्याय पुष्कळ जण टाळून पुढे जातात. कृपा करून तो टाळू नका, आजचा पाठ बराचसा त्यावरच उभा आहे.

कुम्हारीत राहणाऱ्या आम्हा मराठी विश्वासणाऱ्यांना नागपूरकडून येणाऱ्या गाड्यांचे आवाज ओळखीचे आहेत. गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग, भिलाई आणि मग आमचे छोटे स्टेशन. पुढे खारुन नदी ओलांडली की रायपूर. याच मार्गावर १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला निघालेला एक तरुण मराठी कवी बसला होता. त्याच डब्यात एक युरोपीय प्रवासी होता. तो अदबीने बोलला, संस्कृत काव्याविषयी बोलला, मग येशूविषयी बोलला आणि जाताना त्याने कवीच्या हाती नवा करार ठेवला. तो कवी म्हणजे नारायण वामन टिळक. रोज थोडे वाचीन, असा शब्द त्यांनी दिला होता आणि तो पाळला. डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले आणि तेथून त्यांना पुढे जाता येईना.

आपल्या सभांमध्ये ही गोष्ट सांगताना आपण येथेच टाळ्या वाजवतो. परंतु आगगाडीत टिळकांचे समर्पण झाले नव्हते. आगगाडीत त्यांना पुस्तक मिळाले. बाप्तिस्मा झाला तो मुंबईत, १० फेब्रुवारी १८९५ रोजी. मधल्या काळात काय काय सोडावे लागणार हे त्यांना एकेक करून दिसत गेले : जात, नातलग, मानसन्मान आणि सर्वांत कठीण म्हणजे पत्नीचा सहवास. लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. आणि पुढे? बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनी, १९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी सेवा सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. म्हणजे ज्या माणसाने १८९५ साली सर्व दिले होते, त्याच्याजवळ १९१७ साली देण्यासारखे अजून काही होते! १८९५ चे देणे खोटे होते असे मी मुळीच म्हणत नाही. ते खरेच होते, म्हणूनच पुढचे देणे त्यातून निघाले.

आता आपण शब्दांकडे येऊ. ‘समर्पण’ आणि ‘पवित्रीकरण’ हे दोन शब्द आपण प्रार्थनेत एका दमात म्हणतो, जणू ते एकच आहेत. तसे ते नाहीत. समर्पण म्हणजे मी स्वतःला देवाच्या स्वाधीन करणे. पवित्रीकरण म्हणजे देवाने मला स्वतःसाठी वेगळे काढणे आणि आतून शुद्ध करणे. पहिले माझे काम आहे, तेही त्याच्या दयेने. दुसरे त्याचे काम आहे. रोमकरांस १२:१ मध्ये पौल आज्ञा देत नाही, विनवणी करतो आणि देवाच्या करुणेची आठवण देऊन विनवतो. त्याआधीच्या अकरा अध्यायांत त्याने ती करुणाच सांगितली आहे. म्हणून ज्याने करुणा चाखली नाही त्याला समर्पण हे कर भरल्यासारखे वाटते.

जुन्या करारात याजकांच्या समर्पणासाठी इब्री भाषेत जी शब्दरचना येते तिचा अक्षरशः अर्थ ‘हात भरणे’ असा आहे. निर्गम २९:२४ मध्ये पाहा, अहरोन आणि त्याचे पुत्र यांच्या तळहातांवर अर्पणाचे भाग ठेवले जातात आणि ते परमेश्वरासमोर ओवाळले जातात. हातात जे आहे ते देवाचे आहे, आणि हात भरलेले असल्यामुळे दुसरे काही उचलायला जागा नाही. मला हे चित्र फार आवडते. समर्पण म्हणजे सर्व टाकून रिकाम्या हाताने उभे राहणे, असे आपल्याला वाटते आणि म्हणून भीती वाटते. देव हात रिकामे ठेवत नाही.

कुम्हारी हे नाव ऐकले की कुम्हार, म्हणजे आपला कुंभार, डोळ्यांपुढे येतो. यिर्मया १८ वा अध्याय शिकवायला यापेक्षा सोयीचे गाव कोणते? पण कुंभाराचे काम आपण चाकापासून पाहायला लागतो. खरे काम त्याआधीचे आहे. माती वाळवून फोडायची, चाळून खडे काढायचे, भिजत घालायची, राख किंवा लीद मिसळायची आणि मग पायांनी तुडवायची. एक बारीक खडा राहिला तर चाकावर बोटाला लागतो, आणि तिथेही सुटला तर आव्यात मडके तडकते. खडा मातीला जड वाटत नाही, तो कुंभाराच्या बोटालाच कळतो. आपल्यातले पुष्कळ खडे असेच आहेत, आपल्याला ते टोचत नाहीत.

यिर्मयाने जे पाहिले त्यात आणखी एक गोष्ट आहे. मडके बिघडले ते कुंभाराच्या हातातच बिघडले, आणि त्याने ती माती फेकून न देता तिचेच दुसरे पात्र घडवले. मी समर्पण केले होते, तरी मी पडलो, आता माझे काय, असे विचारणाऱ्यांनी हे वचन (१८:४) पुनःपुन्हा वाचावे. बिघडलेली माती अजून हातातच आहे. २ तीमथ्य २:२०-२१ मध्ये पौल घरातल्या निरनिराळ्या पात्रांविषयी बोलतो. तेथे सोन्याचांदीच्या पात्रांबरोबर लाकडाची आणि मातीचीही आहेत. जो स्वतःला शुद्ध करतो तो धन्याच्या उपयोगाचे पात्र होतो, असा त्याचा मुद्दा आहे.

आता लेवीय १४. मोशेच्या नियमशास्त्रात उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला रक्त लावण्याचा विधी दोन प्रसंगी येतो. एकदा याजकाच्या समर्पणाच्या वेळी (निर्गम २९:२०, लेवीय ८:२३-२४). दुसऱ्यांदा, बरे झालेल्या कुष्ठरोग्याला शुद्ध ठरवताना (लेवीय १४:१४). छावणीतला सर्वांत आतला माणूस आणि सर्वांत बाहेर टाकलेला माणूस, दोघांना एकाच ठिकाणी एकाच प्रकारची खूण! कुष्ठरोग्याच्या बाबतीत तर पुढे तेलही आहे, आणि ते त्याच जागी, रक्तावर लावले जाते (१४:१७). उरलेले तेल डोक्यावर. हा क्रम लक्षात ठेवा : आधी रक्त, मग त्यावर तेल. रक्ताने देवाने आपल्याला विकत घेतले, तेल म्हणजे पवित्र आत्म्याने तेच अवयव वापरायला घेणे. रक्ताखाली न आलेल्या हातावर तेल मागणारे खूप आहेत. सामर्थ्य हवे, दाने हवीत, पण हाताचा हिशेब कोणी विचारू नये!

कान का? कारण पाप आणि आज्ञापालन दोन्ही तेथून आत येतात. मंडळीत दुसऱ्याच्या घरची गोष्ट चवीने ऐकणारा कान आणि देवाचे वचन ऐकणारा कान वेगळे नसतात. आज कानाबरोबर डोळाही धरावा, रात्री अंधारात मोबाईलवर जे पाहिले जाते ते सकाळच्या उपासनेत पुसून जात नाही. १ थेस्सलनीकाकरांस ४:३ मध्ये देवाची इच्छा काय, हे पौल सरळ सांगतो : आपले पवित्रीकरण. आणि लगेच तो उदाहरण देतो ते जारकर्मापासून दूर राहण्याचे, आपले शरीर मानाने राखण्याचे आणि या बाबतीत कोणी आपल्या भावाचे नुकसान न करण्याचे. देवाची इच्छा शोधण्यासाठी उपास करणाऱ्या तरुणांना मी प्रथम हे वचन दाखवतो. कोणती नोकरी, कोणते स्थळ, हे नंतर.

हात म्हणजे कमाई आणि काम. पाय म्हणजे आपण कोणाच्या दारी जातो आणि कोणाच्या दारावरून मान वळवून पुढे जातो. पायाकडे मी पुन्हा येईन, कारण तेथेच माझे स्वतःचे प्रकरण आहे.

त्याआधी आपल्या मराठी घरांतली एक अडचण बोलली पाहिजे. ‘पवित्र’ म्हटले की आपल्या मनात ‘सोवळे’ उभे राहते. सोवळे म्हणजे शिवू नका, दूर राहा, माझे ताट वेगळे. आपण ख्रिस्ती झालो तरी ही कल्पना मागच्या दाराने आत येते. मग जो सिनेमा पाहत नाही, दागिना घालत नाही, विशिष्ट लोकांत मिसळत नाही, तो पवित्र ठरतो. लक्ष्मीबाई टिळकांचे आयुष्य येथे आपल्याला फार मोठा धडा देते. त्या सोवळ्यात वाढल्या, त्यांच्या वडिलांचे सोवळे तर कमालीचे कडक होते. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. पुढे त्या त्याच्याजवळ राहायला आल्या तेव्हाही सोवळे सांभाळूनच राहिल्या. मग एके दिवशी विचार करता करता त्यांच्या ध्यानी आले की जातिभेद माणसाने केलेला आहे, देवाने नव्हे. त्यांनी ठरवले, आजपासून कोणाच्याही हातचे खाईन. हे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त आपल्या नेहमीच्या मोकळेपणाने सांगितले आहे. कोणत्याही उपदेशकाने त्यांना त्या क्षणी हाताला धरून नेले नव्हते. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आता पाहा, सोवळे सुटले म्हणजे पावित्र्य गेले काय? उलट, तेथून ते सुरू झाले. ज्या हाताला परक्याचा स्पर्श चालत नव्हता, त्या हाताने पुढे पोरक्या मुलांना जेवू घातले. येशूने कुष्ठरोग्याला स्पर्श केला (मार्क १:४१) तेव्हा येशू विटाळला नाही, कुष्ठरोगी शुद्ध झाला. सोवळे विटाळाला भिते. ख्रिस्ताचे पावित्र्य पुढे होऊन हात लावते. आपल्या मंडळीतही पाण्याचा पेला देताना, लग्नाची बोलणी करताना, पूर्वीची जात विचारली जाते, हे आपण सारे जाणतो. तेथे तेल उतरत नाही. दुसरे कारण शोधत बसू नये.

या ठिकाणी काही जण विचारतील, मग मी पवित्र केव्हा होईन? शास्त्र येथे दोन गोष्टी एकत्र ठेवते. इब्री १०:१० प्रमाणे येशूच्या शरीराच्या एकदाच झालेल्या अर्पणाने आपण पवित्र झालो आहोत. चारच वचनांनंतर, १०:१४ मध्ये, जे पवित्र होत आहेत त्यांच्याविषयी लेखक बोलतो. झालो आहोत आणि होत आहोत, दोन्ही खरे. करिंथची मंडळी पाहा. पौल पत्राच्या सुरुवातीलाच त्यांना ख्रिस्त येशूमध्ये पवित्र केलेले म्हणतो (१:२). आणि सहाव्या अध्यायात कळते की हे पवित्र केलेले लोक एकमेकांवर खटले भरत होते! पौल त्यांना काय म्हणतो? तुम्ही मुळात ख्रिस्ती नव्हताच, असे तो म्हणत नाही. तुम्ही धुतलेले आहात, पवित्र केलेले आहात (६:११), हे स्मरण देतो. आणि त्याआधी, ६:७ मध्ये, एक प्रश्न विचारतो, ज्याने मला दोन वर्षे झोपू दिले नाही. त्यापेक्षा तुम्ही अन्याय का सोसत नाही? स्वतःचे नुकसान का होऊ देत नाही?

आमचे मूळ गाव गोंदिया जिल्ह्यात. तेथे वडिलांची धानाची शेती, आम्हा दोघा भावांच्या वाट्याची. मी कारखान्याच्या नोकरीसाठी इकडे आलो, थोरला भाऊ तेथेच राहिला. काही वर्षांनी मला दिसले की मधला बांध माझ्या बाजूला सरकला आहे. आपल्याकडे ‘बांध कोरणे’ म्हणतात, ते. मी बोललो, तो बोलला, दोघांच्या बायका बोलल्या, आणि मग सहा वर्षे कोणीच बोलले नाही. त्या सहा वर्षांत मी प्रार्थनागट चालवला, उपास केले, समर्पणावर संदेश दिले. माझ्या कपाटात सातबारा आणि जुन्या मोजणीचा नकाशा पिशवीत घालून ठेवलेला होता. पवित्र शास्त्राच्या शेजारीच. माझी बाजू खरी होती, अजूनही मला तसेच वाटते.

सर्व काही देवाला दिले असे मी म्हणत असे, आणि ते अगदी मनापासून म्हणत असे. परंतु १ शमुवेल १५ मधला शौलही मनापासूनच म्हणतो की मी परमेश्वराची आज्ञा पाळली आहे, आणि मागे मेंढरे ओरडत असतात (१५:१४). माझी मेंढरे त्या पिशवीत होती. किती गुंठे? सांगायची लाज वाटते, इतके थोडे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर या पाठाचा कोणी गैरवापर करील. बहिणीचा वाटा दाबून ठेवणाऱ्या भावाने तिला १ करिंथ ६:७ वाचून दाखवू नये. हे वचन ज्याचे नुकसान झाले आहे त्याने स्वतःसाठी वाचायचे आहे. ज्याने नुकसान केले आहे त्याच्यासाठी जक्कयाचा अध्याय आहे (लूक १९:८), आणि त्यात चौपट परत करणे आहे. तसेच मार खाणाऱ्या स्त्रीला ‘सोस, हेच समर्पण’ असे सांगणे हे देवाचे वचन नव्हे. शरीर देवाला अर्पण करायचे आहे, कोणाच्या रागाला नव्हे.

असो. एका पहाटे मी कुम्हारीहून गाडी पकडली. राजनांदगाव आले तेव्हा टिळकांची आठवण आली आणि थोडे हसूही आले, की त्यांना या मार्गावर नवा करार मिळाला आणि मी नवा करार घेऊन बांधासाठी चाललो आहे. घरी पोहोचलो. दादा ओटीवर बसला होता. मी त्याला सांगितले, “दादा, बांध जिथे आहे तिथेच राहू दे. मी सहा वर्षे तुझ्याशी बोललो नाही, ते माझे पाप आहे. मला क्षमा कर.” तो काही बोलला नाही. वहिनीने चहा दिला. त्याने पावसाविषयी विचारले. आम्ही अजून पूर्वीसारखे झालो नाही. तो ख्रिस्ती सभेला येत नाही आणि माझ्याकडे थोडा संशयाने पाहतो, याचा काय डाव असेल म्हणून. माझ्या पायाला त्या दारी जायला देवाने लावले, एवढेच मला सांगायचे आहे. परत आल्यावर प्रार्थनेत जे मोकळेपण मिळाले ते मी सहा वर्षे उपास करून मागत होतो.

हाच धोका देवाच्या सेवेत असलेल्यांना अधिक असतो, कारण आपले काम आपल्याला झाकते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदासदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. विधवांसाठी त्यांनी जे सोसले ते महाराष्ट्र जाणतो. आणि तरी, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, त्यांना कळून आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण स्वतः ख्रिस्त मिळालेला नाही. हे त्यांनी पुढे आपल्या साक्षीत उघडपणे लिहिले. जगभर नाव झालेल्या स्त्रीने असे लिहायला किती नम्रता लागली असेल! पुस्तकी ज्ञान, सत्कार्य, त्याग, सारे होते. मग त्या पापी म्हणून, रिकाम्या हाताने प्रभूपाशी आल्या आणि प्रभूने ते हात भरले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली व विधवा घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे निर्बंध आले, तेव्हा केडगावची जमीन उपयोगी पडली आणि मुक्ती उभी राहिली. १९०५ साली तेथे पवित्र आत्म्याचे जे संजीवन झाले त्याची सुरुवात मुलींच्या पश्चात्तापाने आणि पापांच्या कबुलीने झाली, हे विसरू नये. आपण संजीवन मागतो आणि कबुली टाळतो.

रमाबाईंच्या शेवटच्या वर्षांतले एक काम मला सर्वांत मोठे वाटते. साध्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्र आणण्यासाठी त्या इब्री आणि ग्रीक शिकल्या आणि वर्षानुवर्षे भाषांतर करीत राहिल्या. १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली, जिच्या हाती पुढचे सारे काम सोपवायचे होते. त्यानंतरही भाषांतर थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूकडे गेल्या. त्यांचे पवित्र शास्त्र १९२४ साली प्रसिद्ध झाले, छापील ग्रंथ त्यांनी पाहिला नाही.

या आठवड्यात गटात हा पाठ घेताना चर्चा थोडी कमी करावी आणि शांत वेळ अधिक ठेवावा. प्रत्येकाने वहीत तीन जागा करून ‘कान’, ‘हात’, ‘पाय’ असे लिहावे. प्रत्येकाखाली एकच गोष्ट लिहावी, ती दुसऱ्याला दाखवण्याची सक्ती नाही. ज्यांच्या हाताखाली पैशाचा विषय येईल त्यांनी घरी जाऊन नवरा-बायकोने मिळून प्रेषितांची कृत्ये ५:१-४ वाचावे, आणि पेत्राचे शब्द नीट पाहावेत : जमीन हनन्याचीच होती, विकल्यावर पैसाही त्याच्याच हाती होता, न देण्याची त्याला मोकळीक होती. खोटे बोलण्याची नव्हती. ज्यांच्या पायाखाली एखाद्या घराचे नाव येईल, त्यांनी पुढच्या सभेपूर्वी तेथे जाऊन यावे. फोन करू नये, जावे.

जे आजारी आहेत किंवा म्हातारपणामुळे घराबाहेर पडू शकत नाहीत, त्यांनी रोमकरांस ६:१३ समोर ठेवून आपला एकेक अवयव नाव घेऊन प्रभूला द्यावा. आमच्या गटातल्या एक वृद्ध मावशी असे रोज करतात. गुडघ्यांपाशी आल्या की म्हणतात, “प्रभू, हे आता चालत नाहीत, पण तुझेच आहेत.”